यार्मिलाची जीभ

“आई, लोक व्हिएन्नात येऊन राजवाडे बघतात,” बुटाची नाडी बांधता बांधता जावई विलेम म्हणाला, “आणि तुम्ही टोपली शोधताय!”

“राजवाडे चार दिवस बघितले. सगळे पिवळे.” यार्मिलानं ओट्याखालचं कपाट उघडलं. भाड्याच्या घरात टोपली कोण ठेवतं? पण भाजी धुवायची मोठी चाळण होती, दोन्ही बाजूंना कान असलेली. तिनं ती बाहेर काढून झटकली. “ही चालेल.”

“चाळण घेऊन ट्राममध्ये बसणार तू?” आतल्या खोलीतून रादकाचा आवाज आला. यार्मिलाची ही एकुलती एक लेक सकाळपासून बॅगा भरत होती. “लोक बघतील, आई.”

“बघू देत. चार दिवस मी त्यांना बघतेच आहे.”

सुट्टीचा हा शेवटचा दिवस. दुपारच्या गाडीनं परतायचं होतं. त्याआधी त्या नावाजलेल्या कॅफेत जाऊन एकेक केक खायचा, असं रादकानं ठरवून ठेवलं होतं. पण परवा रात्री पाऊस पडून गेला होता, काल दिवसभर ऊन होतं, आणि ट्राम जिथं संपते तिथं जंगल सुरू होतं. न्याहारीला बसतानाच यार्मिलानं जाहीर केलं, की केक तुम्ही खा, मी अळंब्या आणायला जाते. अकरा वर्षांच्या दोर्कानं क्षणभर आईकडं, क्षणभर आजीकडं पाहिलं आणि बूट घालून आजीच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

“बघा,” विलेम म्हणाला, “केक हरला.”

केक नको असण्याचं खरं कारण यार्मिलानं कुणालाच सांगितलं नव्हतं. फेब्रुवारीत तिला ताप आला होता. आठवडाभरानं ती अंथरुणातून उठली, तर कॉफी नुसत्या गरम पाण्यासारखी लागली. डबा जुना झाला असेल म्हणून तिनं नवा डबा फोडला. तरी तेच. मग कांदा चिरून नाकाशी धरला. डोळ्यांत पाणी आलं, वास मात्र आला नाही. मोहरीचा झणका कळायचा, गार-गरम कळायचं, मऊ-कडक कळायचं. गोड, कडू, आंबट हे मात्र कुणीतरी जिभेवरून फडक्यानं पुसून नेलं होतं. मिकुलोव्हचा डॉक्टर म्हणाला, नाकातल्या आणि जिभेतल्या तंतूंना इजा झालीय, येईल परत, कदाचित नाहीही येणार. तिनं त्याचे आभार मानले आणि ही गोष्ट स्वतःपाशी ठेवली.

उभं आयुष्य तिनं ऑस्ट्रियाच्या सरहद्दीलगतच्या वाल्तित्से गावात, तिथल्या शाळेच्या स्वयंपाकघरात काढलं होतं. अख्ख्या शाळेचं सूप तिच्या एका चमच्यावर पास-नापास व्हायचं. अशा बाईनं ‘मला चव लागत नाही’ असं कुठल्या तोंडानं सांगायचं? पण त्याहून मोठी भीती रादकाची होती. यार्मिलाचा नवरा, आलोइस, गेल्यापासून रादका प्रत्येक फोनवर तेच म्हणायची. ब्रनोला आमच्याकडं ये. जंगलाच्या काठावर त्या घरात एकटी कशाला राहतेस? यार्मिलाला घर सोडायचं नव्हतं. आजवर ती या ना त्या कारणानं निसटली होती. पण नाक गेलं हे रादकाला कळलं असतं, तर वाद तिथंच संपला असता. जिला गॅसचा वास कळत नाही, जळालेलं कळत नाही, तिला एकटं कोण राहू देईल?

म्हणून व्हिएन्नात तिनं चार दिवस खोटं बोलून काढले होते. केक आला की “वा, काय दाट!” आणि कॉफी आली की “अशी आपल्याकडं मिळत नाही.” एकदा जर्दाळूच्या मुरंब्याला तिनं लिंबाचा म्हटलं, तेव्हा विलेमनं चमकून पाहिलं होतं. आणखी एका केकपुढं बसून चेहरा सांभाळायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. अळंब्या डोळ्यांनी वेचतात, आणि तिचे डोळे शाबूत होते.

जंगल बीच आणि पाइनचं होतं, उताराचं. चाळण डोक्यावर टोपीसारखी घालून दोर्का पुढं पळत होती.

“आजी, इथल्या अळंब्या आपल्यासारख्याच असतात?”

“अळंब्यांना कुठं सरहद्द ठाऊक असते? आपल्या जंगलात मधून तार होती, तुला सांगितलंय ना? मी जन्मले त्याच्याही आधीपासून ते तुझी आई शाळेत जायला लागेपर्यंत. शिपाई, कुत्री, सगळं. तारेच्या अलीकडं आम्ही वेचायचो. पलीकडं एकदा एवढी मोठी उगवली होती.” तिनं दोन्ही हातांनी ताटाएवढा गोल केला. “ऑस्ट्रियात! माझ्यापासून चार पावलांवर. किडे तिला खाऊन संपवेपर्यंत मी रोज जाऊन बघून यायचे.”

“मग आज ती वेचायला आलीस?”

“आज तिच्या पणत्या वेचायला.”

आणि पणत्या निघाल्या. आधी बुटक्या, जाड बुंध्याच्या, तपकिरी टोपीच्या दोन. मग शेवाळात दडलेली एक. मग दोर्काला एकदम चार सापडल्या आणि ती इतक्या जोरात ओरडली, की कुत्रा फिरवणाऱ्या एका म्हाताऱ्यानं थांबून टोपी काढली. यार्मिला गुडघ्यांवर बसून सुरीनं बुंधा खरवडत होती. टोपीखालचा स्पंज बोटानं दाबत होती. हातांना सगळं आठवत होतं. फेब्रुवारीपासून पहिल्यांदाच तिला आपण पूर्ण आहोत असं वाटलं.

शेवटची अळंबी एका कुजलेल्या ओंडक्याशी होती. देखणी, टणक, कीड नसलेली. यार्मिलानं ती उपटली आणि थबकली. या अळंबीला एक कडवी बहीण असते. कोवळेपणी दोघी जुळ्यांसारख्या दिसतात. बुंध्यावरची जाळी गोडीची फिकी, कडवीची गडद, एवढाच फरक. कडवी विषारी नसते. पण तिचा एक तुकडा कढईत पडला, की सगळी कढई पित्तासारखी कडू होते. म्हणून वाल्तित्सेकडचं शेंबडं पोरही शंका आली की जिभेचं टोक लावून बघतं.

झाडांखाली उजेड कमी होता. जाळी गडद म्हणावी की फिकी?

“चाटून बघ ना,” दोर्का म्हणाली. तिलाही हे आजीनंच शिकवलं होतं.

यार्मिलानं अळंबी तोंडाशी नेली. जिभेला गार लागलं, ओलं लागलं. बाकी काही नाही.

“गोड आहे,” ती म्हणाली.

“मी पण बघू?”

“का? माझ्या जिभेवर भरवसा नाही?”

हे जरा जास्तच टोचरं निघालं. दोर्कानं अळंबी चाळणीत ठेवली. ट्रामपर्यंतच्या वाटेवर यार्मिलाचा हात दोनदा चाळणीकडं गेला. काढून टाकणं सोपं होतं. पण टाकली असती तर दोर्कानं विचारलं असतं, का? आणि त्या ‘का’चं उत्तर रादकाच्या कानापर्यंत गेलं असतं. ट्राम आली. समोरच्या बाकावरची बाई चाळणीकडं बघत राहिली आणि यार्मिलानं चाळण मांडीवर आणखी वर घेतली.

घरी पोचेपर्यंत रादका आणि विलेम कॅफेतून परत आले होते. “दोघांनी मिळून तीन केक खाल्ले,” विलेमनं पोटावर हात फिरवत सांगितलं. “तुमच्या वाट्याचा मी खाल्ला, आई. रागावू नका.”

“तुझ्या वाट्याचं मी रांधते. तू रागावू नकोस.”

फ्रिजमधली अंडी आणि पाव संपवायचेच होते. तिनं कांदा परतला, शहाजिरं टाकलं, अळंब्यांच्या पातळ चकत्या सोडल्या. त्यांचं पाणी सुटलं, आटलं, कडा तपकिरी झाल्या. मग अंडी फोडून ढवळली. वास नव्हता, म्हणून ती कानानं रांधत होती. चुरचुर मंदावली की पाणी आटलं, तडतड वाढली की उतरवायचं. गेले सहा महिने ती असंच रांधत आली होती. एकटीपुरतं नीट जमायचं.

“वास तर फर्मास आलाय,” रादका म्हणाली. यार्मिलानं हसून मान डोलावली.

सगळे बसले. विलेमनं मोठा घास घेतला आणि चावायचा थांबला. मग, जणू काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं, तो गिळला आणि पाण्याचा ग्लास उचलला. दोर्कानं घास तोंडात घालताच रुमालात थुंकला.

“ईऽऽ!”

“दोर्का!” रादका दटावत म्हणाली आणि तिनं स्वतः घास घेतला. तिनंही काटा खाली ठेवला, अगदी हळू.

यार्मिला तोवर तिसरा घास खात होती.

“आई, तू चव बघितलीस?”

“बघितली की. मीठ जरा कमी पडलंय.”

खालून ट्राम गेली, कपाटातले पेले किणकिणले.

“हो,” विलेम म्हणाला. “मीठच कमी आहे.” आणि त्यानं मिठाची बरणी पुढं ओढली.

त्या दयेनं यार्मिलाला कळलं. विलेम बारा वर्षांत तिच्याशी एकदाही सहमत झाला नव्हता. तिनं दोर्काच्या हातातला रुमाल पाहिला, रादकाचे घट्ट मिटलेले ओठ पाहिले. ओंडक्याशी सापडलेली ती देखणी अळंबी कढईत कुठं कुठं गेली असेल? सगळीकडं.

“कडू आहे?” तिनं विचारलं.

“पित्तासारखं,” दोर्का पुटपुटली.

“कधीपासून, आई?” रादकाचा आवाज चढला नव्हता, आणि हेच वाईट होतं. “त्या मुरंब्याच्या दिवशी मला वाटलंच होतं. कधीपासून चव नाही तुला?”

“फेब्रुवारी.”

“आणि वास?”

“तोही.”

रादकानं दोन्ही तळवे टेबलावर टेकले. “सहा महिने. जंगलाच्या काठावर, गॅसच्या शेगडीपाशी, एकटी. तुला काय म्हणावं, आई? बरं झालं खोली तरी तयार आहे.”

“कसली खोली?”

विलेम ताटात बघायला लागला. दोर्का आईकडं बघायला लागली.

“आमच्याकडची मागची खोली,” रादका म्हणाली. “रंग देऊन झालाय. पलंग आलाय. तुला आज सांगणारच होते, केक खाताना.”

“म्हणजे परतताना दोन दिवस पाहुणी म्हणून ये म्हणालात, ते हे?” यार्मिला हसली. “आणि व्हिएन्ना? बोकडाच्या गळ्यात घालायची माळ होय ही!”

“आई, असं नको बोलू. मला रात्र रात्र झोप लागत नाही.”

“मग ऐक, म्हणजे लागेल. गॅस मी मार्चमध्येच काढून टाकला. विजेवर रांधते. छताला धुराची घंटी लावून घेतलीय. नाक गेलंय, कान नाही. दुधाच्या पिशवीवर तारीख असते, आणि मला वाचता येतं. कुठल्याही गोष्टीची शंका आली की शेजारच्या बोझेनाच्या नाकाखाली धरते. ती वास घेते आणि मला शिव्या देते. दोन्ही बरोबर असतात.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तू खोली फेब्रुवारीतच रंगवली असतीस.”

विलेमला हसू आलं. त्यानं ते खोकल्यात लपवलं. रादका मात्र हसली नाही.

“आणि आज?” तिनं दोर्काच्या ताटाकडं बोट दाखवलं. “आज हिच्या ताटात काय वाढलंस तू? कडू निघालं म्हणून बरं. दुसरं काही असतं तर?”

जीवघेण्या अळंबीच्या टोपीखाली पाती असतात, स्पंज नसतो, हे यार्मिला सांगू शकली असती. त्यात फसवणूक होत नाही, ते डोळ्यांना कळतं. उत्तर बरोबर होतं, पण प्रश्न तो नव्हता. तिनं दोर्काकडं पाहिलं.

“आज मी चुकले,” ती म्हणाली. “जीभ गेलीय हे ठाऊक असून जिभेची साक्ष काढली. आणि तुला खोटं सांगितलं, वर रागावलेसुद्धा. अळंब्या मी आता वेचणार नाही. ह्या शेवटच्या.”

“कधीच नाही?” दोर्कानं विचारलं.

“कधीच नाही. रादका, हे तुझं ऐकलं. खोलीचं ऐकणार नाही.”

आणि तिनं काटा उचलला.

“आई, टाकून दे ते!”

“का? मी वेचल्या, मी रांधल्या. मला कडू लागत नाही, तेवढा तरी फायदा होऊ दे.”

तिनं आपलं ताट संपवलं. मग विलेमचं आपल्यापुढं ओढलं आणि तेही संपवलं. घाईनं नाही, रागानंही नाही, पावानं ताटाच्या कडा निपटत. प्रत्येक चकती दातांखाली कशी दबते, किती मऊ आहे, कुठं किंचित कुरकुरते, हे ती मन लावून बघत होती. तिघंही टेबलावरून उठले नाहीत. शेवटी रादकानंच ताटं गोळा केली आणि नळ सोडला.

चौघं दुपारच्या गाडीत बसले. तिकीट चौघांचंही ब्रनोपर्यंतचं होतं. दोर्का आजीच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. बाहेर सूर्यफुलांची वाळलेली शेतं जात होती. मग सरहद्द गेली. ती कुठून गेली हे आता कुणाला कळत नाही, यार्मिलाला मात्र एका कालव्यावरून नेमकं कळायचं. ब्रेत्स्लाव स्टेशन यायला थोडा अवकाश होता, तेव्हाच तिनं दोर्काचं डोकं अलगद विलेमकडं कलतं केलं आणि कोट चढवला.

“कुठं निघालीस?” रादकानं विचारलं.

“उतरतेय.”

“आई, खाली बस.”

“वाल्तित्सेची गाडी इथूनच सुटते. ब्रनोहून उलटं कशाला यायचं?”

“आपलं बोलणं अजून संपलेलं नाही.”

“नाहीच संपलं. ये रविवारी, बोलू. मी डुकराचं मांस भाजीन. मीठ मात्र तू घाल.”

रादकानं नवऱ्याकडं पाहिलं, म्हणजे त्यानं काहीतरी बोलावं. विलेम उठला, त्यानं वरच्या फळीवरून यार्मिलाची बॅग काढली आणि दरवाज्यापर्यंत नेऊन ठेवली.

“तू पण?” रादका त्याला म्हणाली.

“त्यांनी माझं ताट संपवलं,” विलेम म्हणाला. “मी काय बोलणार?”

गाडी थांबली. यार्मिला उतरली आणि तिच्यामागं रादकाही उतरली. वाऱ्यानं तिचे केस तोंडावर येत होते. ती लहानपणी भांडायची तशीच, मुठी मिटून उभी होती.

“रोज फोन करायचा.”

“एक दिवसाआड.”

“रोज, आई.”

“रविवार सोडून. रविवारी तू येणारच आहेस.”

“आणि काही जळलं तर?”

“तर घंटी वाजेल आणि बोझेना धावत येईल. तिला धावताना तू बघितलं नाहीस अजून.”

रादकाच्या ओठांची कड हलली. गार्डनं शिटी दिली. “चढ,” यार्मिला म्हणाली. “खोलीला रंग कुठला दिलाय?”

“फिकट हिरवा.”

“दोर्काला दे. मोठी झालीय आता.”

रादका चढली. दरवाजा बंद झाला, खिडकीमागं दोर्काचा झोपाळलेला चेहरा दिसला आणि गाडी निघून गेली. यार्मिलानं हात केला नाही. तिच्या दोन्ही हातांनी बॅग धरली होती. भुयारी वाटेच्या पायऱ्यांवर एक तरुण म्हणाला, “द्या इकडं, आजी.” ती म्हणाली, “नको, चाकं आहेत.” पायऱ्यांवर चाकांचा काही उपयोग नव्हता. एकेका पायरीवर बॅग टेकवत, श्वास घेत ती उतरली, आणि तशीच पलीकडं चढली.

वाल्तित्सेची गाडी म्हणजे दोनच डबे, अर्धे रिकामे. समोर एक बाई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. गाव मागं पडलं आणि दोन्ही बाजूंना पाइनचं जंगल सुरू झालं. उन्हं उतरली होती. बाईनं हात उंचावून खिडकीची वरची काच सरकवली, डोळे मिटले आणि छाती भरून श्वास घेतला.

“अहाहा,” ती म्हणाली. “पोचलो हं घरी.”

यार्मिलानं बॅग पायांशी घट्ट धरली, डोळे मिटले आणि तिनंही तसाच श्वास घेतला.